दोन्ही दिवे पेटले, मग गुण कुणाचा?

29 जुलै 2024, पॅरिस. ग्राँ पाले या सव्वाशे वर्षं जुन्या वास्तूच्या काचेच्या छताखाली महिलांच्या सेबर तलवारबाजीची ऑलिम्पिक अंतिम लढत सुरू आहे. मानाँ आपिती-ब्रुने आणि सारा बाल्झेर, दोघीही फ्रान्सच्याच. पंच ‘आले’ म्हणतो, दोघी झेपावतात, डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत पाती अंगाला लागतात आणि लाल व हिरवा असे दोन्ही दिवे पेटतात. दोघीही मुठी आवळून ओरडतात. पंच हातांनी तीन-चार खुणा करतो आणि गुण मात्र एकीलाच देतो.

बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये मोबाइलवर हा खेळ पहिल्यांदा पाहणारा माणूस इथेच अडखळतो. दोन्ही दिवे पेटले म्हणजे दोघींचेही वार लागले. मग एकीलाच गुण का? जिचा वार आधी लागला तिला मिळाला म्हणावं, तर कित्येकदा उशिरा लागलेल्या वाराला गुण मिळतो. आणि शेवटी ठरवणार पंचच असेल, तर अंगाला तारा बांधून एवढं यंत्र लावायचं कशाला?

या प्रश्नांची उत्तरं मिळाली की सेबरची लढत उलगडते. ब्रुनेची कारकीर्दही त्याशिवाय नीट कळत नाही.

दिवा पेटतो कसा

आपल्याकडे तलवार म्हटलं की कोल्हापूरचे मर्दानी खेळ, दांडपट्टा, फार तर जुन्या आखाड्यांतली फरी-गदका डोळ्यांसमोर येते. ऑलिम्पिकची तलवारबाजी वेगळ्या घरातली. तिचं वळण फ्रेंच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ 1913 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाला आणि पंचाचे हुकूम आजही जगभर फ्रेंचमध्येच दिले जातात. लढतीची पट्टी 14 मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. उपनगरातल्या कुठल्याही क्रीडा संकुलातलं बॅडमिंटनचं कोर्ट 13.40 मीटर लांब असतं, त्यावरून अंदाज येईल. खेळाडू मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभे राहतात, म्हणजे दोघांत अंतर फक्त चार मीटरचं.

खेळात शस्त्रं तीन: फॉइल, इपी आणि सेबर. तिन्हींमध्ये वार लागल्याची खबर वीजच देते, पण प्रत्येकात वेगळ्या रीतीने.

इपीच्या टोकाला एक बारीक बटण असतं आणि त्याखाली स्प्रिंग. टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दाबलं गेलं की बटण आत जातं, विजेचं मंडळ पूर्ण होतं आणि दिवा पेटतो. नुसता स्पर्श पुरत नाही. लढतीआधी पंच तलवार उभी धरून टोकावर 750 ग्रॅमचं वजन ठेवतो. बटण एकदा आत दाबलं की स्प्रिंगने ते वजन परत वर उचलून दाखवलं पाहिजे, तरच ती तलवार चालते. फॉइलसाठी हेच वजन 500 ग्रॅम असतं. फॉइलमध्ये उलटी गंमत आहे: मंडळ आधीच पूर्ण असतं आणि बटण दाबलं की तुटतं. त्या क्षणी टोक धातूचे धागे विणलेल्या जाकिटावर असेल तर रंगीत दिवा, हातापायावर असेल तर पांढरा. पांढरा म्हणजे लागलं खरं, पण गुणाच्या जागी नाही.

सेबरला बटणच नसतं. अख्खं पातं विजेशी जोडलेलं असतं आणि ते प्रतिस्पर्ध्याच्या धातुमय जाकिटाला, बाहीला किंवा मुखवट्याला टेकलं की दिवा पेटतो. किती जोरात लागलं हे यंत्र विचारत नाही, चाटून गेलेला वारही पुरतो. म्हणूनच सेबर हे तिन्हींतलं सगळ्यात वेगवान शस्त्र आहे. ‘आले’ आणि ‘आल्त’, म्हणजे ‘सुरू’ आणि ‘थांबा’, या दोन हुकमांत पुष्कळदा एक-दोन सेकंदच जातात.

सेबरमध्ये वीज सर्वांत शेवटी आली. ऑलिम्पिकमध्ये इपीला विजेचं यंत्र 1936 मध्ये मिळालं, फॉइलला 1956 मध्ये आणि सेबरला थेट 1992 मध्ये. त्याआधी मुख्य पंचाबरोबर चार साहाय्यक पट्टीभोवती उभे राहून नुसत्या डोळ्यांनी वार टिपायचे. त्यावरून भांडणं किती होत असतील, ते सांगायला नको.

> चौकट: तीन शस्त्रं एका नजरेत
>
> फॉइल: फक्त टोकाने वार. गुण केवळ धडावर. दोन्ही दिवे पेटले तर प्राधान्य पाहतात.
>
> इपी: फक्त टोकाने वार. डोक्यापासून पावलापर्यंत कुठेही गुण. प्राधान्य नाही. दोघांचे वार जवळपास एकाच वेळी लागले तर दोघांनाही गुण.
>
> सेबर: टोक आणि पातं दोन्हींनी वार. कमरेच्या वर डोकं, धड आणि मनगटापर्यंतचे हात. प्राधान्य पाहतात.
>
> बाद फेरीची वैयक्तिक लढत तिन्हींमध्ये 15 गुणांची. सेबरमध्ये कुणाचेही 8 गुण झाले की एक मिनिट विश्रांती.

आधी शिरलेल्याचा हक्क

आता ‘प्राधान्य’ म्हणजे काय ते पाहू. घाटकोपरच्या जुन्या वस्तीतली एखादी अरुंद गल्ली घ्या, जिथून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. एक रिक्षा आधी आत शिरली असेल तर वाट तिची. समोरून दुसरी घुसली आणि दोघी धडकल्या, तर चूक नंतर घुसणाऱ्याची. पण आधीची रिक्षा मध्येच थांबली, मागे आली किंवा कुणी हात दाखवून तिला अडवलं, तर तिचा हक्क संपला आणि समोरची गाडी निघू शकते.

सेबर आणि फॉइलमध्ये हेच चालतं. हल्ला जो आधी सुरू करतो, म्हणजे हात पुढे लांबवत, शस्त्राचा धाक दाखवत, न अडखळता पुढे येतो, त्याला प्राधान्य मिळतं. समोरच्याला आता दोनच गोष्टी करता येतात. तो मागे सरकून वार हुकवू शकतो, किंवा आपल्या पात्याने तो अडवू शकतो. अडवला की हक्क त्याच्याकडे येतो आणि त्याचा उलटा वार आता खरा हल्ला ठरतो. यातलं काहीही न करता त्याने नुसताच मध्ये हात घातला तर तो प्रतिहल्ला. दोन्ही दिवे पेटले, तर प्रतिहल्ल्याला काहीही मिळत नाही, मग तो काही मिलिसेकंद आधी लागलेला का असेना.

नियम मनमानी वाटतो, पण त्यामागे जुना हिशेब आहे. पातं खरं असतं, तर समोरून वार येत असताना स्वतःला न वाचवता उलट वार करणारा माणूस शहाणा म्हटला गेला नसता. आधी जीव वाचव, मग मार, ही ती शिकवण आहे.

आणि दोघींनी एकदमच हल्ला सुरू केला तर? सेबरमध्ये हे सतत घडतं. ‘आले’ होताच दोघी पुढे उसळतात, दोन्ही दिवे पेटतात. आरंभ कुणाचा हे पंचाला वेगळं काढता आलं नाही, तर तो एकाच वेळचा हल्ला ठरतो. गुण कुणालाच नाही, पुन्हा आपापल्या रेषेवर.

म्हणजे यंत्र सांगतं ‘लागलं’. गुण कुणाचा, हे पंच सांगतो आणि तो दिव्यांकडे नाही, पायांकडे आणि हातांकडे पाहून सांगतो. त्याच्या खुणा म्हणजे घडलेल्या गोष्टीचं क्रमवार कथन असतं: या बाजूने हल्ला, त्या बाजूने अडवणूक, उलटा वार, लागला, गुण. दोघी खेळाडू का ओरडतात, हेही आता कळेल. प्रत्येकीला आपणच आधी निघालो असं वाटत असतं, आणि पंचालाही तसंच वाटावं अशी तिची इच्छा असते. निकाल पटला नाही तर चित्रफीत पुन्हा पाहण्याची मागणी करता येते. बाद फेरीत अशा दोन संधी असतात आणि मागणी बरोबर ठरली तर संधी शिल्लक राहते.

पन्नास मिलिसेकंदांचा फरक

यात यंत्राचा एक छुपा हात मात्र आहे. पहिला वार नोंदला गेला की यंत्र दुसऱ्याची वाट किती वेळ पाहणार, हे ठरवून दिलेलं असतं. ती मुदत संपली की दुसऱ्याचा दिवा पेटतच नाही. सेबरमध्ये रिओ ऑलिम्पिकपर्यंत ही मुदत 120 मिलिसेकंद होती. त्यानंतर ती 170 करण्यात आली.

पन्नास मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. त्याने काय बिघडतं? समजा हल्ला करणारी लांबून झेपावते आहे. समोरची मध्येच प्रतिहल्ल्याचा वार टेकवते आणि हल्ला करणारीचा वार त्यानंतर 150 मिलिसेकंदांनी लागतो. जुन्या मुदतीत यंत्र तोपर्यंत बंद झालेलं असायचं. एकच दिवा पेटायचा, तो प्रतिहल्ल्याचा, आणि एकच दिवा असेल तर प्राधान्याचा प्रश्नच येत नाही, गुण तिचाच. नव्या मुदतीत दोन्ही दिवे पेटतात, पंच प्राधान्य पाहतो आणि गुण हल्ला करणारीला जातो. यंत्रातला एक आकडा बदलला आणि एका पिढीचे डावपेच बदलावे लागले.

इपीमध्ये हीच मुदत 40 मिलिसेकंदांच्या आसपास असते आणि तिथे प्राधान्य नसल्याने यंत्राचाच शब्द शेवटचा. म्हणून यंत्राला फसवण्याचा सर्वांत गाजलेला प्रकारही इपीतच घडला. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेंकोने मुठीत एक छुपं बटण बसवलं होतं. ते दाबलं की वार न लागताही मंडळ पूर्ण व्हायचं. ब्रिटिश खेळाडू जिम फॉक्सने तक्रार केली, तलवार उघडून पाहिली गेली आणि ओनिश्चेंकोला बाद करण्यात आलं.

ल्यॉनची मुलगी, नवं शस्त्र

फ्रान्समध्ये तलवारबाजी करणाऱ्या स्त्रियांची परंपरा मोठी आहे. ग्वादेलूप बेटावर जन्मलेली लॉरा फ्लेसेल हे त्यातलं सर्वांत ठळक नाव. तिचं शस्त्र इपी. प्रतिस्पर्ध्याच्या हातावर, अगदी पावलावरही झटकन टोक टेकवण्याची तिची सवय. तिला ‘गांधीलमाशी’ म्हणायचे. महिलांची इपी ऑलिम्पिकमध्ये 1996 साली अटलांटात पहिल्यांदा आली आणि फ्लेसेलने त्याच वेळी वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन सुवर्णपदकं घेतली. पुढे ती लंडन 2012 मध्ये फ्रान्सची ध्वजवाहक झाली आणि 2017 मध्ये क्रीडामंत्री.

स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये ही शस्त्रं एकेक करून मिळाली, हे इथे लक्षात घ्यायला हवं. 1924 पासून फक्त फॉइल. इपीसाठी 72 वर्षं थांबावं लागलं. सेबर 2004 मध्ये अथेन्सला आली. तिथलं पहिलं सुवर्ण अमेरिकेच्या मॅरियल झागुनिसने जिंकलं आणि तिला प्रवेशही शेवटी शेवटी मिळाला होता, कारण नायजेरियाने आपली पात्र ठरलेली खेळाडू पाठवली नाही. पुरुषांची सेबर 1896 च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून आहे. स्त्रियांना तीच तलवार हातात घेऊन तिथे उतरायला 108 वर्षं लागली. याचं समर्थन करता येईल असं एकही कारण नाही.

मानाँ ब्रुनेचा जन्म 7 फेब्रुवारी 1996 चा, ल्यॉनचा. अथेन्सच्या वेळी ती आठ वर्षांची होती. ज्या शस्त्रात स्त्रियांना नुकताच ऑलिम्पिकचा दरवाजा उघडला होता, त्यातच ती वाढली. रिओ 2016 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ती कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचली आणि युक्रेनच्या ओल्हा खार्लानकडून हरली. चौथा क्रमांक: ऑलिम्पिकमध्ये याहून जिव्हारी लागणारी जागा दुसरी नाही. 2018 मध्ये फ्रान्सच्या महिला सेबर संघाने जागतिक विजेतेपद जिंकलं. त्या संघात ती होती. टोकियोत तिने वैयक्तिक कांस्य आणि सांघिक रौप्य मिळवलं. सेबरपटू बोलादे आपितीशी लग्न झाल्यावर ती आपिती-ब्रुने या नावाने खेळू लागली.

आणि मग पॅरिस. बाल्झेर तिची टोकियोतल्या संघातली सहकारी. दोघींना एकमेकींच्या पायांची, सुरुवातीची, फसवण्याची सगळी खोड माहीत. अशा लढतीत ताकदीपेक्षा निघण्याचा क्षण निर्णायक ठरतो: किंचित आधी निघालं तर समोरची मागे सरून वार हुकवणार, किंचित उशीर झाला तर प्राधान्य गेलं. आपिती-ब्रुनेने ती लढत 15-12 ने जिंकली. वैयक्तिक सेबरमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली फ्रेंच महिला. सांघिक स्पर्धेत मात्र घरच्या मैदानावर फ्रान्सला चौथ्या क्रमांकावर थांबावं लागलं.

भवानी देवी समोर उभी राहिली तेव्हा

भारतीय प्रेक्षकांनी ब्रुनेला त्याच्या तीन वर्षं आधी पाहिलं होतं. 26 जुलै 2021 रोजी टोकियोत चेन्नईची भवानी देवी ऑलिम्पिकमध्ये खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिली लढत तिने ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीविरुद्ध 15-3 अशी सहज जिंकली. दुसऱ्या लढतीत समोर ब्रुने. पहिल्या टप्प्यात 2-8, शेवटी 7-15.

आकडे एकतर्फी दिसतात, पण विश्रांतीनंतरचा हिशेब पाहिला तर भवानीचे 5 आणि ब्रुनेचे 7. सेबरमध्ये पहिल्या आठ गुणांत समोरच्या खेळाडूची चाल कळली नाही तर लढत हातातून निसटते, कारण विचार करायला वेळच नसतो. ब्रुने तेव्हा जगात तिसरी होती, भवानी बेचाळिसावी.

भवानीची सुरुवातही 2004 चीच, म्हणजे अथेन्सच्या वर्षातली. शाळेत बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या म्हणून तिच्या वाट्याला तलवारबाजी आली. सरावाला आधी बांबूच्या काठ्या. मग केरळमधल्या थलसेरीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण केंद्रात सागर लागू यांच्या हाताखाली ती घडली, पुढे इटलीत निकोला झानोत्ती आणि टोकियोनंतर फ्रान्समध्ये क्रिस्तियाँ बाउअर यांच्याकडे शिकली. 2023 मध्ये चीनमधल्या वूशी इथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने जपानच्या तेव्हाच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला 15-10 ने हरवलं आणि कांस्य आणलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. पॅरिस ऑलिम्पिकसाठी मात्र एकही भारतीय तलवारबाज पात्र ठरला नाही.

महाराष्ट्रात या खेळाचं मोठं केंद्र मुंबईत नाही, छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथल्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजी शिकवली जाते. उपनगरांतल्या पालकांना मुलांसाठी बॅडमिंटन, टेबल टेनिस, जलतरण पटकन सुचतं. तलवारीचं नाव काढलं की पहिला प्रश्न ‘लागणार नाही ना?’ हाच असतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका दुर्घटनेतून घडलं. 1982 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिम्पिकचा फॉइल विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्हच्या मुखवट्यात जर्मन खेळाडूचं तुटलेलं पातं शिरलं आणि काही दिवसांनी तो मरण पावला. त्यानंतर मुखवटे, जाकिटं आणि पात्यांचं पोलाद यांचे नियम पुरते बदलले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं जाकीट 800 न्यूटनचा, तर मुखवट्याखालचं गळ्याचं आवरण 1600 न्यूटनचा भेदक जोर सोसेल असं लागतं. 800 न्यूटन म्हणजे सुमारे 80 किलोंचा भार एका टोकावर. काळेनिळे डाग पडतात, ते मात्र कुणालाच चुकत नाहीत.

पाहताना काय पाहावं

पॅरिसच्या अंतिम लढतीची चित्रफीत मिळाली तर पहिल्यांदा वेग कमी करून पाहा. दिवे बघायचे नाहीत, गुणफलक झाकून टाकायचा. ‘आले’ झाल्यावर कुणाचा पुढचा पाय आधी निघाला, कुणाचा हात लांबत राहिला आणि कुणाचा आखडला, पात्यावर पातं आपटलं का, एवढंच पाहायचं. मग लढत थांबवायची, गुण कुणाचा ते स्वतः ठरवायचं आणि नंतर पंचाची खूण पाहायची. पहिल्या पाच-सहा वेळा बहुतेकांचा अंदाज चुकतो. पंधरा गुण होईपर्यंत निम्म्याहून अधिक वेळा तो जुळायला लागला, तर पुढची लढत नेहमीच्या वेगाने पाहायला हरकत नाही.